फ्रेमच्या कडेचा खांदा

टीव्हीवर एखादी बाई धाय मोकलून रडते, तेव्हा ती कुणाकडे बघून रडत असते, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलंय? नाही ना? मालिका रोज बघता, त्यातल्या खाष्ट बायांना रोज शिव्या घालता, जाहिरात लागली की चहा टाकून येता, पण एवढं साधं विचारलं नाहीत. पडद्याच्या मधोमध आईचा ओला चेहरा असतो. कडेला एक खांदा असतो, थोडे केस असतात, कानाची पाळी दिसली तर दिसली. तो खांदा तिच्या मुलीचा, असं तुम्ही धरून चालता. छे हो. मुलीची भूमिका करणारी मॅडम आपलं काम आटपून, गाडीत बसून, कधीच निघून गेलेली असते.

तो खांदा पाठकबाईंचा.

पाठक हे त्यांचं आडनाव नव्हे. पाठ देतात म्हणून कुणीतरी टवाळपणे पाठकबाई म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवत नसे. हाक मारायची तीही एकेरी, 'ए पाठकबाई, इकडे ये.' तोंडात बाई आणि वर ए. या गोष्टीत मात्र त्यांना अहो-जाहोच होईल. कुणाला खटकत असेल तर खटको.

आता हे पाठ देणं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. दोन बायका बोलत असल्या तर कॅमेरा दोघींचे चेहरे एकदम घेत नाही. आधी एकीच्या बाजूने घेतो. मग दिवे, स्टँड, वायरींची भेंडोळी, सगळं उचलून दुसरीच्या बाजूला न्यायचं आणि तेच बोलणं पुन्हा करायचं. जिचं नाव मोठं, तिची बाजू आधी. ती झाली की बाई मोकळी. मग दुसरीचा चेहरा घेताना समोर कुणाला तरी पाठमोरं बसवावंच लागतं, नाहीतर बिचारी हवेशी बडबडतेय असं दिसतं. फ्रेमच्या कडेला येणाऱ्या त्या खांद्याला सेटवर सजेशन म्हणतात. आणि गेलेल्या बाईचे संवाद तिच्या जागी बसून बोलायचे, त्याला क्यू देणं. पाठकबाई दोन्ही द्यायच्या, सजेशनही आणि क्यूही. मालिकेच्या शेवटी नावं सरकतात, त्यात जनरेटरवाल्याचं नाव असे. असायलाच हवं, तोही राबतो. ज्या सोफ्यावर सगळं कुटुंब बसून भांडे, त्या सोफ्याच्या दुकानाचंही नाव असे. पाठकबाईंचं नसे. सोफ्याची पाठ मोठी म्हणायची, दुसरं काय.

त्या काही पाठ द्यायला आल्या नव्हत्या. नटी व्हायला आल्या होत्या. शाळेत असताना नाटकात काम केलं, हेडमास्तरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो किडा डोक्यात शिरला. लग्नानंतरही गेला नाही. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मी रस्त्यावर असतो, तू पडद्यावर रहा, घरी आईला तेवढं विचार. पाठकबाईंनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या की कपडे वाळत घालून मग कुठे जायचं तिथे जा. हीच परवानगी धरून त्या गर्दीत उभ्या राहायला लागल्या. बाजारात वांगी निवडणारी बाई, दवाखान्यात बाकावर बसलेली बाई, कोर्टात निकाल ऐकून शेजारणीच्या कानाला लागणारी बाई.

त्या कोर्टातूनच दिग्दर्शकाने एक दिवस बोट दाखवून त्यांना उठवलं. इतक्या बायांमधून नेमकी आपणच. दिग्दर्शकाने त्यांना खालपासून वर बघितलं आणि म्हणाला, वळ. वळल्या. म्हणाला, हं, अशीच रहा. उंची मॅडमएवढी, खांदे मॅडमसारखे, केस थोडे कापले की झालं. मॅडमला त्या दिवशी दुसऱ्या मालिकेच्या सेटवर पळायचं होतं. पाठकबाई मॅडमच्या खुर्चीत बसल्या आणि पुढे वर्षानुवर्षं बसून राहिल्या.

मॅडमने केस कापले की पाठकबाईंचेही कापायचे, रंगवले की रंगवायचे. विचारायची पद्धत नव्हती. एकदा मॅडमच्या डोक्यात तांबूस पट्टे काढले. पाठकबाई तशाच घरी आल्या. सासूबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, 'डोक्याला गंज चढलाय की काय गं?'

या कामाचा नियम एकच. चेहरा दिसता कामा नये. गालाची कड जरी फ्रेममध्ये आली तरी टेक वाया, आणि मग सगळ्या युनिटचा एक सुस्कारा अंगावर घ्यावा लागतो. सुरुवातीला बऱ्याचदा घ्यावा लागला. नंतर अंगानेच ओळखून घेतलं. कॅमेरा डावीकडे सरकला की मान उजवीकडे, कॅमेरा वर चढला की हनुवटी खाली. कुणी सांगायची गरज उरली नाही. कॅमेरामन म्हणायचा, हिच्या मानेला डोळे आहेत.

अंगाला लागलेली सवय काही सेटवर ठेवून येता येत नाही. नणंदेच्या लग्नाचा अल्बम आला, तर सगळं गोत हसतंय आणि घरच्या सुनेचा मात्र अंबाडा. एका फोटोत अंबाडा, दुसऱ्यात कान, तिसऱ्यात पाठीची हुकं. सासूबाईंनी पानं उलटत विचारलं, 'तुझं आणि त्या फोटोवाल्याचं भांडण झालं होतं का?' पाठकबाई हसल्या. पण आरशासमोर उभ्या राहिल्या की त्यांना अधूनमधून वाटायचं, आपलं हे तोंड आता फक्त दात घासायला उरलंय.

मालिकेतल्या आईचं काम आक्का करायच्या. आक्का एके काळच्या नायिका. पोस्टरवर दुसरं कुणी नाही, फक्त त्यांचा चेहरा, असा त्यांचा जमाना होता. आता गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. दिग्दर्शकाला त्या बाळा म्हणत, आणि बाळ त्यांच्यासमोर चळचळा कापे.

आक्कांची आणि पाठकबाईंची गाठ पडली ती भांडणानेच. पाठकबाईंना कुणीतरी आधीच दम दिला होता की क्यू नुसता वाचायचा, त्यात अभिनय करायचा नाही, तुला कोण बघतंय. त्यामुळे त्या विजेचं बिल वाचावं तसे मॅडमचे संवाद वाचत. आई, मी हे घर सोडून चालले. आई, मला अडवू नकोस. आक्कांनी दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा हात वर करून कॅमेरा थांबवला.

'अगं बाई, माझी मुलगी घर सोडून चाललीय की गॅसचा नंबर लावतेय? मला भिंतीशीच बोलायचं असतं तर घरी बसले असते. घरी चार भिंती आहेत माझ्या.'

सेटवर खसखस पिकली. पाठकबाईंचे कान तापले. पुढच्या टेकला त्यांनी कागद बाजूला ठेवला, मान वर केली आणि आक्कांच्या डोळ्यांत बघून तेच शब्द बोलल्या. कॅमेऱ्याला दिसत होती ती नुसती पाठ. आक्कांना दिसत होता तो चेहरा. इतकी वर्षं कुणी न बघितलेला, ठेवणीतला. आक्कांच्या तोंडून पुढचं वाक्य लवकर फुटेना. डोळे भरले, नाक लाल झालं. दिग्दर्शक कट म्हणाला तरी कुणी हललं नाही. आक्कांनी पदराने नाक पुसलं आणि विचारलं, 'जेवलीस का?'

त्या दिवसापासून आक्कांच्या डब्यात पाठकबाईंचा वाटा असे. आणि त्या मालिकेत आई-मुलीचं जे काही नातं तुम्ही बघितलंत, ज्याच्यावर घराघरांत बायकांनी डोळे पुसले, ते सगळं आक्का आणि पाठकबाई यांच्यातलं होतं. मॅडम वाईट होती असं नाही. दोन-दोन सेटवर पळत असायची, तापातही उभी राहायची, खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जायची. एकदा पाठकबाईंना म्हणाली, तुझ्यामुळे मला श्वास घ्यायला मिळतो गं. मनापासून म्हणाली. पण पुढे एका समारंभात आई-मुलीच्या जोडीचं बक्षीस जाहीर झालं, तेव्हा स्टेजवर ती आणि आक्का हातात हात घालून चढल्या आणि मॅडमने आक्कांना विचारलं की गुडघे कसे आहेत, कारण मॅडमच्या वेळी आक्कांच्या जागीही गर्दीतली कुणीतरी बसे आणि दोघींना भेटून बरेच दिवस झाले होते. मागच्या मोठ्या पडद्यावर गाजलेला प्रसंग दाखवत होते. आक्का रडतायत आणि कडेला खांदा. पाठकबाई घरी बसून बघत होत्या. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, 'बंद कर तो टीव्ही. डोळे चुरचुरतात माझे.' लसणाने डोळे चुरचुरल्याचं पाठकबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. पण बंद केला.

मग मॅडमला सिनेमा मिळाला. महिनोन् महिने परदेशात चित्रीकरण. मालिका लिहिणाऱ्याने लगेच मुलीला दूरच्या शहरात नोकरी दिली आणि आईला अंथरुणावर पाडलं. सेटवर सगळ्यांनी मॅडमचं अभिनंदन केलं, केक कापला. पाठकबाईंनीही टाळ्या वाजवल्या. वाजवता वाजवता त्यांच्या ध्यानात आलं, मॅडम नाही म्हणजे मॅडमची पाठही नाही. उद्यापासून आपण घरी. परत गर्दीत उभं राहायचं म्हटलं तर तिथे आता तरण्या पोरी आल्या होत्या.

त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. आक्कांच्या डब्याचं झाकण लावून ठेवलं, आक्कांची चप्पल खुर्चीखालून पुढे सरकवली, निघाल्या. आक्कांनी तेवढ्यावरून ओळखलं. दिग्दर्शकाला बोलावून विचारलं की मी अंथरुणाला खिळणार, तर माझं करायला कुणी नर्सबिर्स येणार आहे की मी तशीच कुजणार. दिग्दर्शक म्हणाला की येणार आहे, चांगलं काम आहे, रोज तुमच्याबरोबर सीन, एक नटी ठरतेय.

'ठरतेय म्हणजे ठरलेली नाही,' आक्का म्हणाल्या. 'पाठकबाईला घे.'

दिग्दर्शक चाचरला. म्हणाला, आक्का, त्या कामाला चेहरा लागतो.

'तिला आहे. मी रोज बघते.'

बाळाने डोकं खाजवलं, वरच्या लोकांना फोन केले, आणि शेवटी असं ठरलं की पहिला प्रसंग करून बघू. जमला तर काम पाठकबाईंचं. नाही जमला तर ती दुसरी नटी. तिला थांबवून ठेवलं होतं.

घरी येऊन पाठकबाईंनी सांगितलं तर सासूबाई चादरीच्या घड्या घालत होत्या. घडी मोडली नाही की वर बघितलं नाही. म्हणाल्या, 'म्हणजे आता तोंड दाखवणार म्हणायचं. बरं, तेल जरा कमी लाव, चकाकतं.' एवढंच. पण संध्याकाळी पाठकबाई दूध आणायला खाली उतरल्या, तर दूधवाला, शिंपीणकाकू, जिन्यातली म्हातारी, सगळ्यांना खबर लागलेली. शिंपीणकाकूंनी तर विचारलं की टीव्हीवर कधी दिसणार, मला पाहुण्यांना कळवायचंय. जमलं नाही तर या जिन्याने वर यायचं कसं?

प्रसंग साधा होता. आई मुलीची वाट बघत दाराकडे डोळे लावून बसलीय. नर्स औषध घेऊन येते, पलंगाच्या कडेला बसते आणि सांगते, 'वाट बघू नका. ती नाही यायची. मी आहे ना.' बस्स. शाळकरी पोरीलाही पाठ झालं असतं.

नियमाप्रमाणे आधी आक्कांची बाजू झाली. पाठकबाई पाठमोऱ्या बसल्या, बोलल्या, आक्का रडल्या, एका टेकमध्ये काम फत्ते. मग दिवे फिरले. आक्का उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून मेकअपच्या खोलीत आडव्या व्हायला गेल्या. त्यांच्या जागी गर्दीतल्या एका बाईला पांढऱ्या केसांचा टोप घालून पाठमोरं बसवलं. कॅमेऱ्याशेजारी असिस्टंट पोरगी कागद घेऊन उभी राहिली.

अॅक्शन म्हटलं. पाठकबाई औषध घेऊन आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या, आणि कॅमेऱ्याची काच समोर येताच त्यांची मान अलगद वळली. गाल गेला, नाक गेलं, राहिले नुसते केस.

दिग्दर्शक हसला. सगळेच हसले. पाठकबाईही हसल्या, माफी मागितली. पुन्हा. या वेळी मान सरळ ठेवली, तर खांदाच वर आला आणि हनुवटी त्याच्याआड लपली. पुन्हा. खडूने जमिनीवर खूण केली, इथेच बसा म्हणून. त्या खुणेवर बसल्या आणि कमरेतून फिरल्या. लाइटमन वरून म्हणाला की बाई, कॅमेरा चावत नाही. कुणी हसलं नाही. असिस्टंट पोरगी प्रत्येक वेळी त्याच सुरात वाचत होती, माझी मुलगी आली का, माझी मुलगी आली का. तिला जेवणाच्या सुट्टीचे वेध लागले होते. टोपवाली पाठमोरी बाई शून्यात बघत होती. तिच्याशी काय बोलायचं, तिला कसं सांगायचं कुणाची मुलगी येणार नाही ते? आपणही इतकी वर्षं अशाच बसलो असतो तर, असं पाठकबाईंच्या एकदा मनात येऊन गेलं. पण आपण तशा बसलो नव्हतो, आणि आपल्यासमोर मात्र ही बसलीय.

दिग्दर्शकाने जेवणाची सुट्टी दिली. ओरडला नाही, एवढा भला माणूस. पण जाता जाता असिस्टंटला हळू म्हणाला, 'तिला फोन करून ठेव. तयार रहा म्हणावं. जेवणानंतर एकदा बघू, शेवटचं.' पाठकबाईंना ऐकू गेलं. कॅमेऱ्याआडचं ऐकायची सवयच होती.

मेकअपच्या खोलीत आक्का पाय उशीवर टाकून पडल्या होत्या. डोळे न उघडता विचारलं, झालं ना? पाठकबाई स्टुलावर बसल्या. नाही म्हणाल्या. मग सगळं सांगितलं, मान कशी वळते, खांदा कसा वर येतो, तो फोन.

आक्का भडकल्या. उठून बसल्या. तुझ्यासाठी मी शब्द टाकला, मी, आयुष्यात कुणासाठी टाकला नाही, आणि तू तिथे लाजाळूच्या झाडासारखी मिटतेस. वयात आलेल्या पोरी इतक्या लाजत नाहीत. बरंच काही बोलल्या. बोलून दमल्या, तेव्हा म्हणाल्या, 'कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलंय कुणी तुला? माझ्याकडे बघायचं. मी काय सांगितलं होतं पहिल्या दिवशी?'

पाठकबाई खाली बघत म्हणाल्या, 'तुम्ही तिथे नव्हतात, आक्का.'

त्यात तक्रार नव्हती. नुसतं आपलं सांगणं. आपली बाजू झाली की उठायचं, हे आक्का जन्मभर करत आल्या होत्या. नायिका असताना त्या उठून गेल्यावर त्यांच्या जागीही कुणीतरी बसत असेल, बोलत असेल, त्यांनी वळून कधी बघितलं नव्हतं. आजही मुद्दाम उठल्या नव्हत्या. गुडघे दुखले आणि पाय आपोआप खोलीकडे वळले. या बाईच्या मानेसारखेच.

थोडा वेळ त्या आपल्या पायांकडे बघत बसल्या. मग पाय उशीवरून खाली घेतले. 'माझी शाल दे,' म्हणाल्या. 'आणि त्या टोपवालीला सांग, जेव म्हणावं पोटभर.'

आक्का पुन्हा पलंगावर येऊन बसल्यावर सेटवर गडबड उडाली. दिग्दर्शक धावत आला, म्हणाला, आक्का, तुम्ही कशाला, तुमचं झालंय, इथे फक्त पाठ हवीय.

'मग माझ्या पाठीला काय धाड भरलीय? घे माझी पाठ.'

आणि इथे अशी गंमत झाली की त्या सेटवरचे लोक आजही ती सांगतात. अॅक्शन म्हटलं, पाठकबाई औषध घेऊन आल्या, आणि कडेला आक्कांचा गाल फ्रेममध्ये आला. ठळक, उजेडात, छान कोन साधून. दिग्दर्शक अदबीने म्हणाला की आक्का, जरा तिकडे. आक्का म्हणाल्या, हो हो. पुढच्या टेकला गालाबरोबर नाकही आलं. जन्मभर ज्या अंगाने उजेड शोधला आणि कॅमेरा हेरला, ते आता ऐकेना. कॅमेरा डावीकडे की आक्का डावीकडे. सूर्यफूलच. एकीचं तोंड लपत होतं आणि दुसरीचं लपत नव्हतं. कॅमेरामनने कपाळाला हात लावला. आक्का वैतागून म्हणाल्या, 'बाळा, मी काय करू? हे माझं तोंड माझं ऐकतच नाही.'

पाठकबाईंना हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदा. त्या पलंगाशी वाकल्या आणि आक्कांचे खांदे हातात घेतले, एखाद्या पोरीला वेणी घालायला बसवावं तसे. म्हणाल्या, हा खांदा सोडा, आक्का. मान ओढू नका, ती जड होऊ द्या. मागून कुणीतरी नकोसं माणूस हाक मारतंय आणि तुम्हाला ओ द्यायची नाहीये, असं बसा. आक्का बसल्या. जरा जमलं. टेक सुरू झाला. पाठकबाई आल्या, कडेला टेकल्या.

'माझी मुलगी आली का?' आक्कांनी विचारलं. गॅसचा नंबर लावल्यासारखं नाही. खरंच विचारलं.

आणि त्यांची मान पुन्हा कॅमेऱ्याकडे निघाली. पाठकबाईंना ते त्यांच्या आधी कळलं. विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी औषधाची बाटली पलंगावर टाकली आणि आक्कांचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. घट्ट, आपल्याकडे. आता आक्कांना वळता येईना. पण ज्याने दुसऱ्याचं तोंड असं धरलंय, त्यालाही स्वतःचं तोंड फिरवता येत नाही. काच तिथेच होती, आक्कांच्या कानामागे. पाठकबाईंच्या मानेने तिची चाहूल घेतली, एक झटका आला, खांदा उचलायला बघू लागला. त्यांनी हात सोडले नाहीत.

'वाट बघू नका,' त्या म्हणाल्या. 'ती नाही यायची. मी आहे ना.'

आक्कांचे डोळे त्यांच्या तळव्यांत गळायला लागले. कॅमेऱ्याला दिसत नव्हते, तरी गळत होते. पाठकबाईंचेही. कट म्हणायला दिग्दर्शक विसरला. म्हटलं ते लाइटमनने, वरून, घोगऱ्या आवाजात. त्याचं ते काम नव्हे.

आक्कांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, 'गाल दुखले की गं माझे. केवढं दाबतेस.'

त्या दुसऱ्या नटीला असिस्टंटने फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. तिचंही वाईट वाटतं. तीही कुठेतरी आशा लावून बसली असेल.

प्रसंग टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंनी जिनाच्या जिना वर बोलावला होता. पाठकबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, अर्ध्या आत. चेहरा दिसला तसा शिंपीणकाकूंनी हंबरडाच फोडला, जशी काही नर्स त्यांचीच सून. दूधवाला म्हणाला की एकदम असली नर्स वाटते. सगळे बोलले. सासूबाई मात्र चष्मा नाकावर घेऊन पडद्याच्या कडेला टक लावून बसल्या होत्या.

सगळे पांगल्यावर कपबश्या उचलता उचलता पाठकबाईंनी विचारलंच, कशी वाटले मी?

'तोंड बरं दिसतं,' सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, 'पण ती पाठमोरी कोण गं? खांदा फार अवघडून धरला होता तिने. नवीन दिसते.'

पाठकबाई कपबश्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी समोर होते आणि तुम्ही खांद्याकडे बघत होतात?

सासूबाई टेबल पुसू लागल्या. मघाशीच पुसलेलं. 'सवय गं,' म्हणाल्या. 'इतकी वर्षं तिथेच बघायचं असायचं मला. रडणाऱ्या बाईकडे बघायला सगळं जग आहे.'

नर्सचं काम काही महिने चाललं. मग मालिकेतली आई बरी झाली, मॅडम परत आली, नर्स गेली. पाठकबाईंना पुढे लहान लहान कामं मिळत राहिली, तोंडाची. शेजारीण, हेडमास्तरीण, तुरुंगातली वॉर्डर. मोठ्या झाल्या नाहीत, पोस्टरवर आल्या नाहीत. पण त्यांची एक खोड सगळ्या सेटवर ठाऊक आहे. आपली बाजू झाली तरी त्या उठत नाहीत. समोर कुणी का असेना, नवखी पोर असो की एका वाक्याचा पोस्टमन, तिथेच बसून पूर्ण क्यू देतात आणि मगच चहा मागतात. असिस्टंट लोक कुरकुरतात की वेळ जातो. जाऊ दे ना वेळ. आक्काही शेवटपर्यंत, गुडघे धरून, तशाच बसत राहिल्या. त्यांचा गाल मात्र कधीमधी फ्रेममध्ये यायचाच.

तर तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आज टीव्ही लावाल, कुणीतरी रडेल, तुम्हालाही भरून येईल. येऊ द्या. पण डोळे पुसायच्या आधी नजर जरा कडेला न्या. तिथे एक खांदा असेल, थोडे केस, कानाची पाळी. पुढचं वाक्य येईपर्यंत त्या खांद्याकडे बघा.